स्टो येथील सॅक्सन देवता: मूळ शिल्पे बागेत असावीत की संग्रहालयात?

वनराई (मूळ प्रश्न)

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायरमध्ये स्टो नावाची जी जुनी इस्टेट आहे, तिच्या बागेत झाडांच्या आडोशाला वर्तुळात मांडलेल्या सात दगडी मूर्ती आहेत. आठवड्याच्या इंग्रजी वारांना ज्यांची नावे मिळाली, असे मानले जाते त्या या सॅक्सन लोकांच्या, म्हणजे जर्मनीकडून येऊन इंग्लंडमध्ये वसलेल्या प्राचीन टोळ्यांच्या, सात देवता: सुन्ना, मोना, टिऊ, वोडन, थुनर, फ्रिगा आणि सीटर्न. मायकेल रिझब्रॅक या शिल्पकाराने त्या १७३० च्या सुमारास पोर्टलंड दगडात घडवल्या. आज बागेत दिसतात त्या मात्र प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती १९२१-२२ च्या लिलावांनंतर विखुरल्या आणि त्यांपैकी सुन्ना व थुनर या दोन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

मी संग्रहालयातील मूर्ती आधी पाहिल्या आणि बाग नंतर पाहिली. संग्रहालयात छिन्नीची खूण न् खूण जवळून पाहता आली, पण या देवता एकमेकांकडे पाहत वर्तुळात बसायच्या हे तिथे कळण्याचा काही मार्गच नव्हता. बागेत ते वर्तुळ कळले, पण हा दगड रिझब्रॅकच्या हाताखालून गेलेला नाही ही जाणीव मनातून जाईना. म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारते. एक, अठराव्या शतकातील एका इंग्रज उमरावाला आपल्या बागेत ग्रीक-रोमन देवतांऐवजी सॅक्सन देवता का बसवाव्याशा वाटल्या असतील? दोन, उघड्यावर उभे करण्यासाठीच घडवलेले शिल्प छपराखाली नेऊन त्याच्या जागी प्रतिकृती बसवणे हे जतन म्हणायचे, की त्या शिल्पाला त्याच्या जागेपासून तोडणे? मी अजून कोणत्याही बाजूची नाही, मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

---

जुनी_पाने

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून दुसऱ्याकडे वळता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

स्टोची बाग ज्याने घडवून घेतली तो रिचर्ड टेंपल, म्हणजे पहिला व्हायकाउंट कॉबम, हा मार्लबरो या इंग्रज सेनानीच्या लढायांत नाव कमावलेला सेनापती आणि पक्का व्हिग, म्हणजे राजापेक्षा संसदेचा अधिकार मोठा मानणाऱ्या पक्षाचा, होता. त्या काळातील व्हिग विचारांत एक कल्पना फार महत्त्वाची होती: इंग्लंडमधील स्वातंत्र्य, पंचांकरवी चालणारा न्याय आणि राजाच्या सत्तेवरील मर्यादा या गोष्टी रोमकडून आलेल्या नसून प्राचीन सॅक्सन लोकांच्या सभांमधून वारशाने आलेल्या आहेत. इतिहास म्हणून ही कल्पना कितपत टिकते हा वेगळा विषय आहे, पण त्या पिढीची तिच्यावर मनापासून श्रद्धा होती. त्यातच १७१४ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरचे घराणे ब्रिटिश गादीवर आले होते, त्यामुळे सॅक्सन पूर्वजांची आठवण काढणे म्हणजे नव्या राजघराण्याशी जुने नाते सांगणेही होते.

सॅक्सन देव दिसत कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे रिझब्रॅकने एका जुन्या ग्रंथातील चित्रांचा आधार घेतला. सॅक्सन भूतकाळावरचा हा इंग्रजी ग्रंथ १६०५ साली अँटवर्पमध्ये छापला गेला होता, आणि स्वतः रिझब्रॅकचा जन्म १६९४ मध्ये अँटवर्पचाच. तो १७२० च्या सुमारास लंडनला आला आणि पुढे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील न्यूटनचे स्मारक त्याच्याच हातून घडले. चित्रातील आकृत्या ताठ आणि काहीशा अनघड होत्या. रिझब्रॅकने त्यांना मांसल शरीर, वळण आणि वजन दिले, म्हणजे सॅक्सन देवांना रोमन शिल्पकलेची भाषा बोलायला लावले, आणि त्यांची नावे मात्र रूनिक अक्षरांत, म्हणजे प्राचीन उत्तर युरोपीय लिपीत, कोरली. मला या मूर्तींमध्ये सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाशी जोडणारा धागा. या मूर्ती स्टोमध्येही एकाच जागी राहिलेल्या नाहीत. आरंभी त्या चार्ल्स ब्रिजमनने आखलेल्या बागेतील राईत, मोकळ्या आकाशाखाली वर्तुळात बसवल्या होत्या. पुढे जेम्स गिब्सने आराखडा केलेले गॉथिक मंदिर, म्हणजे मध्ययुगीन शैलीची बागेतील शोभेची वास्तू, १७४० च्या दशकात उभे राहिले आणि देवतांचा मुक्काम त्याच्या परिसरात हलवण्यात आला. ते मंदिर 'पूर्वजांच्या स्वातंत्र्याला' अर्पण केलेले होते आणि त्याच्या दारावर एका फ्रेंच नाटकातील ओळ होती: मी रोमन नाही, याबद्दल मी देवांचे आभार मानतो.

दरम्यान राजकारण बदलले होते. १७३३ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या अबकारी कराच्या विधेयकाला कॉबमने विरोध केला आणि त्याची पलटण काढून घेण्यात आली. त्यानंतर स्टो हे वॉलपोलविरोधी व्हिगांचे ठाणे बनले. विल्यम पिट आणि ग्रेनव्हिल बंधू यांच्यासारखी तरुण मंडळी तिथे जमत असत. देवता घडल्या तेव्हा ही फाटाफूट झालेली नव्हती, त्यामुळे वॉलपोलविरोधाची घोषणा म्हणून त्या कोरल्या असे म्हणणे मला चूक वाटते. परंतु गॉथिक मंदिराच्या सोबतीला आल्यावर त्यांचा अर्थ धारदार झाला. त्याच मूर्ती, तोच दगड, फक्त शेजार बदलला आणि त्या बागेतील एक शोभेची कल्पना न राहता राजकीय युक्तिवादाचा भाग झाल्या.

म्हणून 'मूळ जागा' हा शब्द स्टोच्या बाबतीत जपून वापरावा लागतो. कोणत्या वर्षीची जागा मूळ मानायची, हे आधी ठरवावे लागते.

---

पाथरवट

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते आधी दगड देतो, तत्त्वज्ञान नंतर देते. उघड्यावरील शिल्पांच्या जतनाशी माझा कामानिमित्त संबंध आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

इंग्लंडच्या मोठ्या इस्टेटींच्या बागांत प्रामुख्याने तीन प्रकारची शिल्पे दिसतात: चुनखडकाची, संगमरवराची आणि शिशाची. पाऊस, गोठवणारी थंडी, धूर आणि काळ यांना या तिघांचे प्रतिसाद इतके वेगळे आहेत की एकच नियम सर्वांना लावला तर कोणत्या ना कोणत्या शिल्पाचा बळी जातो.

पोर्टलंड दगड हा डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील चुनखडक. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल याच दगडाचे आहे. तो गोठवणाऱ्या थंडीला चांगला तोंड देतो, म्हणूनच रिझब्रॅकने बागेसाठी तो निवडला असणार. त्याचा शत्रू आम्ल आहे. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळला की दगडातील कॅल्शियम कार्बोनेटचे जिप्सम होते. जिथे पाऊस थेट लागतो तिथे ते धुऊन जाते आणि दगड पांढरा, पण दरवर्षी थोडा थोडा झिजलेला राहतो. हनुवटीखाली, काखेत, वस्त्राच्या चुण्यांत, अशा आडोशाच्या जागी मात्र ते काजळी धरून काळ्या पापुद्र्यासारखे साठते आणि कधीतरी खालच्या दगडाचा थर घेऊन निखळते. सेंट पॉलच्या कठड्यातील दगड उचलून बसवण्यासाठी पाडलेली भोके शिशाने बुजवलेली होती. ती बुचे एकेकाळी दगडाच्या पातळीला होती, आज ती वर डोकावताना दिसतात, कारण भोवतालचा दगड झिजून खाली गेला आहे. हवा स्वच्छ झाल्यापासून झिजेचा वेग बराच कमी झाला आहे, पण जे गेले ते परत येत नाही. सुन्नाच्या चेहऱ्याभोवतीचे किरण किंवा रूनिक अक्षरांच्या कडा यांच्या बाबतीत एक-दोन मिलिमीटरची झीजही पुष्कळ असते.

संगमरवराची गोष्ट याहून वाईट. इटलीतील कॅरारा संगमरवर इंग्लंडच्या थंड, ओल्या हवेत ठेवला की त्याच्या स्फटिकांमधील सांधे सुटू लागतात, आणि वरून शाबूत दिसणारा पृष्ठभाग बोट फिरवताच साखरेसारखा खरवडून येतो. त्यामुळे अनेक इस्टेटींमध्ये शरद ऋतू संपताना शिल्पांवर हवा खेळती राहील अशी आच्छादने चढवतात आणि वसंतात काढतात. प्लास्टिकने घट्ट गुंडाळणे घातक ठरते, कारण आत बाष्प साठते आणि तेच गोठते.

शिशाबद्दल लोकांना सर्वांत कमी माहिती असते, म्हणून थोडे थांबून सांगतो. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जॉन व्हॅन नोस्ट आणि त्यानंतर जॉन चिअर यांच्या लंडनमधील कारखान्यांतून शिशाचे पुतळे मोठ्या संख्येने इंग्लंडभर गेले. साचा एकदा तयार झाला की त्यातून मर्क्युरी, फ्लोरा असे रोमन देव आणि मेंढपाळ हवे तितके ओतता येत, आणि व्हॅन नोस्टच्या कारखान्यातील साचे पुढे चिअरच्या हाती आले. आज आपल्याला या पुतळ्यांचा जो मंद राखाडी रंग 'अस्सल' वाटतो, तो त्या काळच्या मालकाला बहुधा आवडला नसता, कारण त्यांना पांढऱ्या किंवा दगडी रंगाचा हात देऊन संगमरवराचा किंवा दगडाचा भास निर्माण करण्याची पद्धत होती. काही पुतळे तर वस्त्रांसकट रंगवलेले असत.

शिसे पावसाने फारसे बिघडत नाही. ते स्वतःच्याच वजनाने खचते. घोट्यापाशी पुतळा वाकतो, उगारलेला हात वर्षानुवर्षे खाली येत राहतो. हे होऊ नये म्हणून आत लोखंडी सांगाडा घालत, आणि ते लोखंड ओलाव्याने गंजून फुगले की शिसे आतून फाटते. अशा पुतळ्याला वाचवायचे तर तो उघडून जुना सांगाडा काढावा लागतो आणि स्टेनलेस पोलादाचा नवा बसवावा लागतो. एकदा हे नीट झाले की तो पुतळा पुन्हा बागेत उभा राहू शकतो, त्याला संग्रहालयाची गरज नाही.

थोडक्यात माझे मत असे की शिशाचा पुतळा दुरुस्त करून बाहेर ठेवावा, बारीक काम असलेला संगमरवर आत न्यावा, आणि पोर्टलंडच्या बाबतीत प्रत्येक मूर्तीची प्रकृती पाहून निर्णय घ्यावा. सॅक्सन देवता आधीच बागेबाहेर गेल्या होत्या, त्यामुळे तिथे प्रतिकृती बसवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. ज्या बागेत मूळ शिल्प अजून उभे आहे, तिथला प्रश्न याहून अवघड आहे.

---

सायंतारा

पाथरवट यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे, तरीही मी दुसरी बाजू मांडते.

बागेतील शिल्प हे जवळून पाहण्यासाठी घडवलेले नसते. ते दुरून दिसते, वळणावर अचानक समोर येते, पाण्यात उलटे पडते, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याची सावली हिरवळीवर लांब जाते. शिल्पकाराला हे सर्व माहीत असे आणि त्याची छिन्नी त्या हिशेबाने चालत असे: चुण्या खोल, नजर रुंद, हावभाव मोठे. संग्रहालयाच्या सपाट प्रकाशात हेच काम जाडेभरडे दिसते आणि पाहणारा म्हणतो की हा शिल्पकार काही फार नाजूक हाताचा नव्हता.

मला ऑक्सफर्डशायरमधील राउशमचे उदाहरण द्यावेसे वाटते. जनरल जेम्स डॉर्मर यांच्यासाठी विल्यम केंटने १७३८ ते १७४१ या काळात ती बाग नव्याने घडवली. तिथे पीटर शेमेकर्सने कोरलेले 'घोड्यावर झडप घालणारा सिंह' हे शिल्प आहे आणि मरणासन्न योद्धाही आहे. सिंह हिरवळीच्या अशा टोकाशी उभा आहे की त्याच्यापलीकडे जमीन नदीकडे उतरते आणि मागे फक्त दूरचा मुलूख दिसतो. त्या मोकळ्या अवकाशासमोर त्या झटापटीला जी भीषणता येते, ती कोणत्याही भिंतीसमोर येणार नाही. ती इस्टेट आजही त्याच घराण्याकडे आहे, लिलावाने तिची वाताहत झालेली नाही, आणि म्हणून केंटची कल्पना आपल्याला अजून चालत चालत वाचता येते.

आणि 'मूळ' कशाला म्हणायचे, हेही पाहावे. राउशमचा सिंह आणि योद्धा ही दोन्ही शिल्पे रोममधील प्राचीन शिल्पांच्या नकला आहेत. त्यांचे प्राचीन नमुने रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयांत आहेत. रोममध्ये पाहिलेले शिल्प आपल्या नदीकाठी पुन्हा उभे करावे, ही त्या काळच्या बागेची रीतच होती. ज्या कलेचा पायाच नकलेवर आहे, तिच्यात नकलेला इतके कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही, आणि त्याचबरोबर झिजलेल्या मूळ शिल्पालाही मी कमी लेखत नाही. तीन शतकांचा पाऊस हाही त्या शिल्पाचा इतिहास आहे.

---

पाथरवट

सायंतारा, प्रकाशाबद्दल आणि अंतराबद्दल तुम्ही लिहिलेले सर्व मला मान्य आहे. शेवटच्या वाक्याशी मात्र सहमत होता येत नाही. दगडफुलांचे ठिपके, फिकट झालेली कांती हा इतिहास मी आनंदाने मान्य करीन, कारण त्याखाली शिल्प शाबूत असते. पण नाक गेलेला, डोळ्यांच्या खाचा बुजलेला चेहरा हा इतिहास नसून नाश आहे, आणि त्याचा बराच भाग पावसाने केलेला नसून कारखान्यांच्या धुराने आणि अडाणी सफाईने केलेला आहे. पूर्वी कित्येक ठिकाणी वाळूच्या झोताने दगड 'स्वच्छ' केले गेले आणि काळ्या थरासोबत कोरीवकामही उडाले. आज पाण्याची बारीक फवार, लेप किंवा लेझर वापरतात आणि तेही हात राखून.

---

कलम_कसाई

या चर्चेत कायद्याची बाजू आली नाही, म्हणून ती मांडतो, कारण इंग्लंडमध्ये एखादे शिल्प बागेत राहते की लिलावात जाते हे अनेकदा सौंदर्यदृष्टीपेक्षा कायद्याच्या व्याख्येवर ठरते.

तिथे ऐतिहासिक वास्तूंची सरकारी यादी आहे आणि त्यात ग्रेड १, ग्रेड २ तारांकित व ग्रेड २ अशा श्रेणी आहेत. यादीतील वास्तू पाडायची, बदलायची किंवा हलवायची तर स्थानिक नियोजन प्राधिकरणाची खास संमती लागते. यादीतील घराला पक्की जोडलेली वस्तू त्या घराचाच भाग मानली जाते, आणि घराच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून जमिनीचा भाग बनून राहिलेले बांधकामही त्या संरक्षणाखाली येते. बागेतील पुतळा किंवा कलश स्वतंत्रपणेही यादीत घालता येतो. तसा तो घातला की वाद सुरू होतो: चौथऱ्यावर केवळ स्वतःच्या वजनाने बसलेली वस्तू ही 'इमारत' असते का?

हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अठराव्या शतकाच्या आरंभीचे, व्हॅन नोस्टच्या नावावर सांगितले जाणारे शिशाचे दोन कलश आणि त्यांचे चुनखडकी चौथरे मूळचे बेडफर्डशायरमधील रेस्ट पार्कचे. पुढे ते एका घरातून दुसऱ्या घरात फिरत १९७३ मध्ये वॉरिकशायरमधील आयडलिकोट हाउसच्या आवारात आले. १९८६ मध्ये त्यांची स्वतंत्र नोंद यादीत झाली. २००९ मध्ये मालकाने ते लिलावात ५५,००० पौंडांना विकले आणि ते देशाबाहेर गेले. काही वर्षांनी स्थानिक परिषदेच्या हे लक्षात आले आणि तिने कलश परत आणून बसवण्याची नोटीस बजावली. खालच्या पातळीवर असे धरले गेले की यादीत नाव आहे म्हणजे वस्तू इमारतच, त्यावर शंका घेता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये हे नाकारले आणि सांगितले की वस्तू मुळात इमारत आहे का, हा मुद्दा मालकाला उपस्थित करता येतो, आणि तो तपासताना आकारमान, कायमस्वरूपी बसवणूक आणि जमिनीशी असलेली जोडणी या तीन कसोट्या पाहाव्यात. प्रकरण फेरनिर्णयासाठी परत पाठवले गेले.

या निकालाचा परिणाम समजून घ्यावा. जे शिल्प त्या विशिष्ट बागेसाठी घडले, तिच्या आराखड्याचा बिंदू म्हणून उभे राहिले आणि पायासकट बसवले गेले, त्याचे संरक्षण पक्के राहते. जे शिल्प विकत आणून कधीतरी हिरवळीवर ठेवले गेले, ते सामानासारखे हलवले जाण्याची शक्यता वाढते. माझ्या दृष्टीने हा भेद तर्काला धरून आहे. अडचण अशी की इंग्लंडच्या बागांतील कितीतरी चांगली शिल्पे दुसऱ्या प्रकारची आहेत, कारण विसाव्या शतकात मोठी घरे मोडीत निघाली तेव्हा त्यांची शिल्पे ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्या बागांत गेली आणि तिथे नव्याने रुजली.

चोरीचा धोकाही विसरता येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये शिल्पकार हेन्री मूर यांचे दोन टनांहून अधिक वजनाचे ब्राँझ शिल्प हर्टफर्डशायरमधील पेरी ग्रीन येथील त्यांच्या फाउंडेशनच्या आवारातून उचलून नेले गेले, आणि ते भंगार म्हणून वितळवले गेले असावे असा पोलिसांचा निष्कर्ष होता. शिशाचे पुतळे तर याहून हलके आणि मऊ.

---

जुनी_पाने

कायद्याच्या या माहितीमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. आपण 'बाग की संग्रहालय' असे विचारतो आहोत, परंतु स्टोचे खरे नुकसान पावसानेही केले नाही आणि संग्रहालयानेही केले नाही. ते लिलावांनी केले. १८४८ मध्ये बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक कर्जबाजारी झाला तेव्हा घरातील वस्तूंचा लिलाव चाळीस दिवस चालला. त्यानंतर १९२१ आणि १९२२ चे लिलाव झाले, त्यांत बागेतील शिल्पे गेली, आणि १९२३ मध्ये त्या घरात शाळा सुरू झाली. बाग नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेकडे आली ती १९८९ मध्ये. तोपर्यंत चौथरे रिकामे होते, काही ठिकाणी चौथरेही नव्हते.

रिकाम्या चौथऱ्याने बागेचे काय होते, याचे स्टोमध्येच उत्तम उदाहरण आहे. केंटने तिथे दोन वास्तू पाण्याच्या दोन काठांवर समोरासमोर उभ्या केल्या. उंचावर प्राचीन सद्गुणांचे वर्तुळाकार मंदिर, आणि त्याच्या आत शेमेकर्सने घडवलेले होमर, सॉक्रेटिस, लायकर्गस आणि एपॅमिनॉन्डस या प्राचीन ग्रीकांचे पूर्णाकृती पुतळे. खाली पलीकडच्या काठाला, १७३४-३५ मध्ये बांधलेली, कोनाड्यांची अर्धवर्तुळाकार भिंत, आणि तिच्यात सोळा ब्रिटिश थोरांचे अर्धपुतळे. काही रिझब्रॅकचे, काही शेमेकर्सचे. एका बाजूला शेक्सपिअर, मिल्टन, लॉक, न्यूटन, बेकन अशी विचारांची माणसे आणि दुसऱ्या बाजूला आल्फ्रेड राजा, एलिझाबेथ, रॅले, ड्रेक, हॅम्पडन अशी कृतीची. त्या सोळांत स्त्री एकच, एलिझाबेथ. अर्थ असा की प्राचीनांचा सद्गुण वरून खाली पाहतो आणि ब्रिटिश थोर त्याच्याकडे मान वर करून पाहतात. जवळच आधुनिक सद्गुणाचे मंदिर मुद्दाम भग्नावस्थेत बांधले होते आणि त्यात मुंडके नसलेला एक पुतळा होता. वॉलपोलच्या कारभारावरची ती टीका कोणालाही समजेल अशी होती.

आता कल्पना करा की वरच्या मंदिरातील चार पुतळे गेले आहेत. तसे ते १९२१ मध्ये गेलेच होते. मग खालच्या सोळा जणांची नजर रिकाम्या खोलीवर जाते आणि सगळा संवाद तुटतो. आज तिथे प्रतिकृती आहेत आणि संवाद पुन्हा ऐकू येतो. मला ही प्रतिकृती खोटी वाटत नाही, कारण ती शेमेकर्सच्या हाताचा दावा करत नाही. केंटने जी जागा भरली होती तीच ती भरते.

सॅक्सन देवतांच्या वर्तुळाबद्दलही मी हेच म्हणेन. सातांपैकी दोन देवता एका दालनात आणि उरलेल्या इतरत्र, या अवस्थेत आठवडा कधीच पूर्ण होत नाही.

---

वनराई

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मनातील गुंता बराच सुटला. शेजार बदलल्याने देवतांचा अर्थ बदलला, हे तर मला नवीनच होते, आणि आता मी ते वर्तुळ वेगळ्या नजरेने पाहीन.

एक उपप्रश्न राहतो. प्रतिकृती बसवणे मान्य केले तरी पाहणाऱ्याला ती प्रतिकृती आहे हे कसे कळावे? प्रत्येक मूर्तीपुढे फलक लावला तर बागेचा भंग होतो. काहीच लिहिले नाही तर आपण लोकांना अंधारात ठेवतो. आणि प्रतिकृती कोणत्या द्रव्याची असावी, याचाही काही संकेत आहे का?

---

पाथरवट

द्रव्याबद्दल आधी सांगतो. तीन मार्ग आहेत. पहिला, मूळ मूर्तीवरून रबरासारख्या सिलिकोनचा साचा घेऊन दगडाचा चुरा आणि सिमेंट यांच्या मिश्रणात ओतणे. हे स्वस्त पडते आणि आकार हुबेहूब येतो, पण साचा सोडवताना मूळ दगडाचा सैल पापुद्रा निघण्याचा धोका असतो, आणि ओतीव दगडावर वर्षांची छटा नैसर्गिक दगडापेक्षा वेगळी चढते. दुसरा, मूळ मूर्तीला हात न लावता लेझरने मोजमाप घेऊन त्यावरून साचा किंवा नमुना बनवणे. तिसरा, त्याच खाणीच्या दगडात पाथरवटाकडून पुन्हा कोरून घेणे. हा सर्वांत महाग, आणि मला सर्वांत योग्य वाटणारा, कारण कोरलेल्या दगडावर हत्याराची धार दिसते आणि पुढे तो मूळ दगडासारखाच म्हातारा होतो. ओतीव द्रव्याला मी सरसकट हीन मानत नाही. एलिनॉर कोड या बाईंनी १७६९ पासून लंडनच्या लॅम्बेथमध्ये भाजलेल्या मातीचा जो कृत्रिम दगड बनवला, तो इतका टिकाऊ निघाला की त्यातील कित्येक शिल्पांचे बारीक काम आज शेजारच्या खऱ्या दगडापेक्षा ठळक आहे.

ओळख पटवण्याची चांगली रीत म्हणजे प्रतिकृतीच्या मागील बाजूला किंवा तळाशी, समोरून दिसणार नाही पण शोधणाऱ्याला सापडेल अशा जागी, ती कधी बनवली ते वर्ष कोरून ठेवणे. मूळ मूर्ती कुठे आहे हे बागेच्या प्रवेशापाशी आणि माहितीपुस्तिकेत लिहावे. स्टोला तर याची परंपराच आहे. बेंटन सीली यांनी १७४४ मध्ये काढलेली स्टोची पुस्तिका ही इंग्लंडमधील एखाद्या बागेची पहिली मार्गदर्शिका मानली जाते, आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांमुळेच कोणती मूर्ती कोणत्या दशकात कुठे होती याचा माग लागतो. बाग सिद्ध होत असताना झाक रिगो या फ्रेंच चित्रकाराकडून ब्रिजमनने करवून घेतलेली दृश्येही आहेत. ती १७३९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुन्हा स्टोला जाणार असाल तर ती चित्रे आधी पाहून जा. झाडांची उंची किती होती, मूर्ती किती अंतरावरून दिसत आणि लोक त्यांच्याभोवती कसे फिरत, हे त्यांत दिसते, आणि आजच्या वर्तुळाभोवतीची झाडी किती दाट ठेवावी याचा वादही त्यांच्याच आधारे करावा लागतो.